बाहुली घडवायची, नाचवायची आणि त्यावर घर चालवायचं

कावेरीच्या काठी वसलेलं कुंभकोणम हे देवळांचं गाव. वर्षभर इथं कुठल्या ना कुठल्या देवळाचा उत्सव चालूच असतो. अशाच एखाद्या उत्सवाच्या रात्री पटांगणात लाकडी चौकट उभी राहते. तिला समोरून रंगीत आणि मागून काळा पडदा लागतो. मृदंगावर थाप पडते, झांजा वाजू लागतात आणि पुढे दाटीवाटीनं बसलेली मुलं एकदम गप्प होतात. सगळ्यांत आधी गणपती येतो, त्याची पूजा होते. मग येतो कोमाळी, म्हणजे विदूषक. त्याच्या उड्या पाहून हशा पिकतो. त्यानंतर रेशमी साडी, वेणी आणि कंबरपट्टा अशा थाटात एक नर्तकी पुढे येते. ती मान वळवते, हात जोडते, ताल धरून पावलं टाकते. घुंगरांचा आवाजही स्पष्ट ऐकू येतो.

पण हे घुंगरू त्या नर्तकीच्या पायांत नसतात. ती तर लाकडाची बाहुली! घुंगरू बांधलेले असतात पडद्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत. अंगात गडद रंगाचे कपडे, डोक्यावर लोखंडी कडं आणि हातांत दोन सळ्या अशा अवतारात तोही बाहुलीबरोबर नाचत असतो. फरक इतकाच, की लोक बाहुलीला पाहतात, त्याला कुणी पाहत नाही.

तामिळनाडूतल्या या खेळाला ‘बोम्मलाट्टम’ म्हणतात. बोम्मै म्हणजे बाहुली आणि आट्टम म्हणजे नाच. हरिश्चंद्र, सीतेचं लग्न, मुरुगन आणि वल्ली यांचा विवाह अशी आख्यानं त्यात रंगतात. कुंभकोणम हे या कलेचं एक जुनं ठाणं. टी. एन. शंकरनाथन यांची ‘श्री मुरुगन संगीत बोम्मलाट्ट सभा’ इथलीच. खेळ पाहून घरी परतताना लोक बाहुलीचं कौतुक करतात. पण ती बाहुली ज्यानं घडवली आणि जो रात्रभर तिच्यासाठी घाम गाळतो, त्याचं घर कसं चालतं, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही.

दहा किलोंचं ओझं डोक्यावर

आपल्याकडे कळसूत्री बाहुली म्हटलं की राजस्थानी कठपुतळी डोळ्यांपुढे येते. हातभर उंचीची, हलकी, पाय नसलेली आणि दोन-तीन दोऱ्यांवर नाचणारी. बोम्मलाट्टमची बाहुली मात्र अगदी वेगळी. भारतातल्या पारंपरिक दोरीच्या बाहुल्यांत ती सर्वांत मोठी आणि सर्वांत जड समजली जाते. काही बाहुल्यांची उंची साडेचार फुटांपर्यंत, तर वजन दहा किलोंपर्यंत असतं. म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढी उंची आणि वर्षभराच्या बाळाएवढं वजन!

एवढी बाहुली नुसत्या बोटांनी पेलणं शक्य नाही. त्यावर इथल्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी एक युक्ती शोधून काढली. बाहुलीच्या मुख्य दोऱ्या हातात न धरता डोक्यावर मुकुटासारख्या घातलेल्या लोखंडी कड्याला बांधायच्या. कड्याला कापड गुंडाळलेलं असतं, तरी वजन शेवटी मानेवरच येतं. सूत्रधारानं मान झुकवली की बाहुली झुकते, तो डोललला की बाहुली डोलते. दोन्ही हात त्यामुळे मोकळे राहतात. त्या हातांनी तो वरून सळ्या धरून बाहुलीचे हात हलवतो. दोरी आणि सळई या दोन्ही पद्धती एकाच बाहुलीत वापरणारे खेळ फार थोडे आहेत. बोम्मलाट्टम हा त्यांपैकी एक.

जपानमध्ये बुनराकू नावाचा बाहुल्यांचा खेळ जगप्रसिद्ध आहे. तिथं एका मुख्य बाहुलीला तीन माणसं लागतात. एक जण डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय. कुंभकोणमचा कलावंत ही सगळी कामं एकटा करतो. वर कथेचा प्रसंग ध्यानात ठेवायचा, गाणाऱ्याचा सूर आणि मृदंगाचा ताल सांभाळायचा आणि शेजारच्या कलावंताच्या दोऱ्यांत आपल्या दोऱ्या अडकू द्यायच्या नाहीत.

पटाशीही हवी आणि दोरीही

या धंद्यात एक गोष्ट प्रथम समजून घ्यावी लागते. बाहुली घडवणारा आणि ती नाचवणारा शक्यतो एकच असावा लागतो, निदान दोघं एकाच घरातले तरी असावेत. बाजारातून बाहुली विकत आणली आणि खेळ सुरू केला, असं इथं होत नाही.

त्याचं कारण बाहुलीच्या रचनेतच आहे. बाहुलीसाठी पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड निवडतात. जड लाकूड मानेला झेपत नाही आणि फार ठिसूळ लाकूड सांध्यांवर तुटतं. लाकूड चांगलं वाळवावं लागतं, नाहीतर पुढे चिरतं. मग पटाशीनं डोकं, धड, हात, पंजे, पाय असे भाग वेगवेगळे कोरायचे. खांदा, कोपर, मनगट, गुडघा असे सांधे करायचे. सांधा घट्ट झाला तर हात अडतो आणि सैल झाला तर बाहुली लुळी दिसते. त्यानंतर घासून गुळगुळीत करणं, रंग देणं, डोळे रेखणं, केस लावणं, कपडे आणि दागिने चढवणं. कपड्यांचंही वजन असतं, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. साडीचा काठ जड झाला की बाहुली एका बाजूला कलते.

सगळ्यांत नाजूक काम दोऱ्यांचं. दोऱ्यांची लांबी नाचवणाऱ्याच्या उंचीवर ठरते. बापासाठी बांधलेली बाहुली उंच मुलाच्या डोक्यावर गेली की तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. कड्याला कुठली दोरी किती अंतरावर बांधायची, हे प्रत्यक्ष नाचवून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून नाचवणारा पुन:पुन्हा पटाशी हातात घेतो, एखाद्या खांद्याचा थोडा भाग तासतो आणि पुन्हा कडं डोक्यावर चढवून पाहतो. खेळ चालू असताना एखादी दोरी तुटली, तरी दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात ती त्यालाच जोडावी लागते.

कुंभकोणमच्या आसपासचा सगळा मुलूखच अशा हातांचा आहे. जवळच्या स्वामीमलैत पिढ्यान्‌पिढ्या पंचधातूच्या मूर्ती ओतल्या जातात. दारासुरमचं दगडी मंदिर तर जागतिक वारशाच्या यादीत आहे. सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या तंजावरला मान डोलावणाऱ्या बाहुल्या होतात. नवरात्रात घराघरांत पायऱ्यांवर बाहुल्या मांडून ‘कोलू’ सजवतात. असं असूनही बाहुली करून विकणं आणि बाहुली करून नाचवणं यांत मोठा फरक आहे. विकणाऱ्याची बाहुली घराबाहेर गेली की पैसे हातात पडतात. नाचवणाऱ्याची बाहुली घरातच राहते आणि सुपारी आली तरच कमावते.

शाळा नाही, दाखला नाही

ही कला शिकण्याची पारंपरिक रीत म्हणजे उमेदवारी. घरातल्या किंवा ओळखीतल्या मुलानं आधी पेट्या उचलायच्या, पडदा बांधायचा, बाहुल्यांचे कपडे घड्या घालून ठेवायचे. मग झांज वाजवायला मिळते. झांज वाजवता वाजवता ताल अंगात मुरतो, पदं पाठ होतात. पुढे एखादा पहारेकरी, एखादा प्राणी अशी छोटी बाहुली हातात येते. मुख्य नर्तकीची बाहुली आणि डोक्यावरचं कडं मिळायला कित्येक वर्षं जातात. मान आणि पाठ तयार व्हायलाच तेवढा काळ लागतो.

बुनराकूत पाय चालवायला शिकण्यासाठी दहा वर्षं आणि डावा हात शिकण्यासाठी आणखी दहा वर्षं लागतात, असं म्हणतात. पण तिथं एक गोष्ट वेगळी घडली. घराण्यातली मुलं कमी पडू लागली, तेव्हा जपान सरकारनं १९७२ साली बाहेरच्या तरुणांसाठी रीतसर प्रशिक्षण सुरू केलं आणि १९८४ मध्ये ओसाका शहरात या कलेसाठी खास राष्ट्रीय नाट्यगृह उघडलं. शिकून बाहेर पडलेल्या मुलाला उभं राहायला हक्काची जागा मिळाली. आपल्याकडे दहा वर्षं शिकलेल्या मुलापुढे मात्र पहिला प्रश्न असतो, की पुढचा खेळ कुठं आणि कधी?

हिशेब मांडून पाहिला तर

एका खेळाला किमान सात-आठ माणसं लागतात. बाहुल्या नाचवणारे तिघं-चौघं, एक गाणारा, एक पेटीवर, एक मृदंगावर आणि एक झांजांवर. शिवाय बाहुल्यांच्या पेट्या, पडदे आणि चौकट नेण्यासाठी टेंपो. देवस्थानानं दिलेली बिदागी या सगळ्यांत वाटली जाते. गाडीभाडं आणि जेवण त्यातूनच जातं. उरलेल्या पैशांतून बाहुल्यांचे कपडे आणि रंग यांची डागडुजी करायची.

त्यातही खेळ वर्षभर होत नाहीत. उघड्या पटांगणावरचा हा खेळ पावसाचं सावट सहन करू शकत नाही. कुंभकोणमकडे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. ते महिने जवळपास रिकामे जातात. उन्हाळ्यातल्या उत्सवांत सुपाऱ्या एकाच वेळी येतात आणि एका रात्री एकच खेळ करता येतो. म्हणजे काम असतं तेव्हा वेळ पुरत नाही आणि वेळ असतो तेव्हा काम नसतं.

पूर्वी हे गणित जमत होतं, कारण रात्रभर करमणूक करणारं दुसरं काही नव्हतं. मग गावोगावी सिनेमा आला. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका दाखवली गेली, तेव्हा तर रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. जी कथा ऐकायला लोक पटांगणावर येत, तीच घरबसल्या आणि फुकट मिळू लागली. आज तर प्रत्येकाच्या खिशातच पडदा आहे. खेळ रात्रभरावरून तास-दीड तासावर आला, तसे अनेक घरांतले मुलगे इतर नोकरी-धंद्याकडे वळले. त्यात त्यांची चूक आहे असं कोण म्हणेल? नुसत्या टाळ्यांवर चूल पेटत नाही.

घरात मराठी, खेळात तामिळ

कुंभकोणमची ही कहाणी मराठी वाचकाला दूरची वाटण्याचं कारण नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करीपर्यंत ही गादी मराठी राजांकडे होती. या दरबारात नाच, गाणं आणि नाटक यांना मोठा आश्रय होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस शहाजीराजांनी इथं मराठीतही नाटकं लिहिली. सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आणि मोडी कागद आजही जपून ठेवलेले आहेत.

तामिळनाडूत लाकडी बाहुल्यांबरोबरच चामड्याच्या सावल्यांचा खेळही आहे. पारदर्शक केलेल्या कातड्यावर चित्रं कोरून आणि रंगवून ती पांढऱ्या पडद्याला टेकवायची आणि मागून दिवा लावायचा. हा खेळ करणारी अनेक कुटुंबं मूळची मराठीभाषक आहेत. त्यांच्या नावांपुढे ‘राव’ लागतं. आपले पूर्वज मराठी राजांबरोबर इकडे आले, असं ती सांगतात. खेळ तामिळमध्ये, गाणी तामिळमध्ये, पण घरात आपसांत बोलायची भाषा मराठीची एक जुनी बोली. नवरा एकटा सगळ्या पात्रांचे आवाज काढून बाहुल्या नाचवतो, बायको पेटी वाजवते किंवा गाते आणि मुलं दिवा सांभाळतात. गावोगाव फिरणारं असं कुटुंब म्हणजे एक चालतं-फिरतं नाटक मंडळच.

कर्नाटकातले किळ्ळेक्यात आणि आंध्रातले आरे या समाजांचंही असंच. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आणि घरात मराठीशी नातं सांगणारी बोली. महाराष्ट्रापासून शेकडो मैलांवर ही माणसं दुसऱ्यांच्या भाषेत रामायण सांगत पोट भरत आली. पण त्यांच्यापुढेही प्रश्न तोच उभा राहिला. लोक खेळाला येईनात, तेव्हा काय करायचं?

वाट बदलली, हात तेच

आंध्र प्रदेशातल्या निम्मलकुंटा गावातल्या बाहुलीकारांनी यावर एक उत्तर शोधलं. कातडं कमावणं, कोरणं आणि रंगवणं ही विद्या हातात होतीच. तिच्यातून त्यांनी दिव्याच्या छत्र्या, भिंतीवर टांगायची चित्रं आणि शोभेचे पडदे करायला सुरुवात केली. शहरांतल्या हस्तकला प्रदर्शनांत ती विकली जाऊ लागली. खेळ नसतो तेव्हाही त्यामुळे घरात पैसा येतो आणि बाहुली कोरण्याचा हात सुटत नाही. याच गावचे दलवाई चलपती राव यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांची हकिगत तर आणखी बोलकी आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ त्यांनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ केला आणि तो परदेशांतही नेला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांचं वय होतं ९६. हा सन्मान मोठाच. पण वयाच्या नव्वदीनंतर येणाऱ्या सन्मानाच्या भरवशावर पंचविशीतल्या माणसानं संसार कसा मांडावा, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

पिंगुळीचा गोठा

महाराष्ट्रात या प्रश्नाचं एक उत्तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावात सापडतं. इथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या कला परंपरेनं आहेत. सावंतवाडीच्या राजांनी त्यांना आश्रय दिला होता आणि देवळांतून त्यांचे खेळ होत असत. राजाश्रय संपला, करमणुकीची साधनं बदलली आणि बाहुल्या पेट्यांत पडून राहू लागल्या.

परशुराम विश्राम गंगावणे यांनी या कला सोडल्या नाहीत. २००६ मध्ये त्यांनी स्वत:च्या गुरांच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं. त्याचं नाव ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. जुनी चित्रं, बाहुल्या, वाद्यं तिथं मांडली. कोकणात येणारे प्रवासी, शाळांच्या सहली आणि अभ्यासक तिथं येऊ लागले. येणाऱ्याला आधी वस्तू दाखवायच्या, मग खेळ करून दाखवायचा. गंगावणे यांची मुलंही याच कामात उतरली. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली.

यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट पुरस्कार नाही. गावोगाव फिरून प्रेक्षक मिळेनात, तेव्हा प्रेक्षकानंच आपल्या दारी यावं अशी सोय या कुटुंबानं केली. त्यामुळे सामान वाहून नेण्याचा खर्च वाचला आणि खेळासाठी केवळ जत्रेची वाट पाहण्याचं कारण उरलं नाही.

इंजिनिअरच्या हाती अर्धवटराव

दुसरं उदाहरण मुंबईचं आणि सर्वांच्या परिचयाचं. यशवंत केशव पाध्ये यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बोलक्या बाहुल्यांचा खेळ आपल्याकडे लोकप्रिय केला. अर्धवटराव ही त्यांचीच निर्मिती. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर. १९६७ मध्ये त्यांनी रंगमंचावर पहिला स्वतंत्र कार्यक्रम केला आणि पुढे नोकरीच्या मळलेल्या वाटेऐवजी बाहुल्यांचीच वाट धरली.

त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण वाया गेलं का? मुळीच नाही. बाहुलीचे डोळे फिरणं, भुवया उडणं, ओठ हलणं हा सगळा यंत्रांचाच खेळ असतो. नवी बाहुली करताना तेच ज्ञान उपयोगी पडलं. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा घराघरांत पोहोचला. १९९३ मध्ये आलेल्या महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटातल्या तात्या विंचूला तर मुलं आजही विसरलेली नाहीत. रंगमंच, दूरदर्शन, जाहिरात आणि चित्रपट अशा चार ठिकाणी पाध्ये यांच्या बाहुल्या पोहोचल्या. पत्नी अपर्णा आणि मुलगा सत्यजित हेही या खेळात उतरले. सत्यजित चार्टर्ड अकाउंटंट असूनही बाहुल्यांत रमला.

पाध्ये यांनी आणखी एक मोलाचं काम केलं. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांना लाकडी बाहुल्या घडवण्याचा नाद होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८४३ मध्ये सांगलीला त्यांनी ‘सीता स्वयंवर’ नाटक केलं, त्याच हातांनी या बाहुल्याही घडवल्या होत्या. काळाच्या ओघात जीर्ण झालेल्या त्या बाहुल्या दुरुस्त करून पाध्ये यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या.

घरातल्या मुलानं हीच वाट धरली तर?

समजा, आपल्या मुलानं किंवा मुलीनं उद्या सांगितलं, की मला बाहुल्यांचे खेळ करायचे आहेत. बहुतेक घरांत पहिलं वाक्य येईल, “आधी शिक्षण पूर्ण कर, मग काय ते बघू.” हे वाक्य अगदीच चुकीचं नाही. कुंभकोणम, पिंगुळी आणि मुंबई या तिन्ही ठिकाणचा अनुभव पाहिला, तर काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली म्हणजे, केवळ नाचवण्याच्या भरवशावर हा पेशा टिकत नाही. बाहुली घडवता येणाऱ्याला खेळ नसलेल्या महिन्यांतही काम मिळू शकतं. शाळांसाठी बाहुल्या, नाटकांसाठी मुखवटे, जाहिरातींसाठी खास पात्रं, शोभेच्या वस्तू यांना मागणी असते. म्हणून सुतारकाम, शिवणकाम आणि रंगकाम यांची लाज वाटून चालणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, संगीत आणि भाषा यांची तयारी हवी. पडदा, बाहुल्या आणि रोषणाई उत्तम असूनही संवाद कंटाळवाणे झाले, तर मुलं दहा मिनिटांत उठून जातात. बाहुलीकाराला लेखक, गायक, नट आणि कारागीर अशा चारही भूमिका थोड्याथोड्या कराव्या लागतात.

तिसरी, प्रेक्षक कुठं आहे हे ओळखता आलं पाहिजे. एकेकाळी तो देवळाच्या पटांगणात होता. आज तो शाळेत आहे, बालवाडीत आहे, आरोग्याच्या शिबिरात आहे. जी गोष्ट मोठ्या माणसानं सांगितली की मूल बावरतं, तीच बाहुलीनं सांगितली की ते निर्धास्तपणे ऐकतं. दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून शिक्षकांना शिकवण्यासाठी विविध कलांचं प्रशिक्षण देत आलं आहे. बाहुलीकला त्यांतलीच एक. पारंपरिक कला शिकणाऱ्या १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी या केंद्राची शिष्यवृत्तीही आहे. उदयपूरच्या भारतीय लोककला मंडळासारख्या संस्थेत बाहुल्यांचं वेगळं दालन आणि रोजचे खेळ पाहायला मिळतात. आवड खरी आहे की क्षणिक, हे पारखायला अशा ठिकाणी चार दिवस घालवणं उत्तम.

चौथी गोष्ट पैशांची. पहिली काही वर्षं या कामावर घर चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. जोडीला दुसरं एखादं काम असणं हा कलेचा अपमान नाही. शिक्षकाची नोकरी करून सुट्टीच्या दिवशी खेळ करणारा माणूस पोटाच्या काळजीत कला सोडून देणाऱ्यापेक्षा कलेची अधिक सेवा करतो. बिदागी मात्र आधी ठरवून आणि लिहून घ्यावी. गाडीभाडं आणि जेवण वेगळं धरावं. “मुलांचाच तर कार्यक्रम आहे, कमी घ्या ना,” असं म्हणणारे बरेच भेटतात. सात-आठ माणसांचा दिवस आणि बाहुलीमागची कित्येक महिन्यांची मेहनत त्यांना दिसत नाही. ती शांतपणे समजावून सांगणं हाही या पेशाचाच भाग आहे.

आणि शेवटची गोष्ट प्रेक्षकांसाठी, म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी. मुलाच्या वाढदिवसाला हॉल, रोषणाई आणि केक यांवर हजारो रुपये सहज खर्च होतात. त्याच दिवशी एखाद्या बाहुलीकाराला योग्य बिदागी देऊन बोलावलं, तर मुलांना वेगळा आनंद मिळतो आणि एका घराला काम मिळतं. दक्षिणेच्या सहलीत तंजावर, कुंभकोणमची देवळं पाहायला जाणाऱ्यांनी बोम्मलाट्टमचा खेळ कुठं आहे याची चौकशीही जरूर करावी.

पडद्यामागचा माणूस

ज्ञानेश्वरीतही सूत्राच्या बाहुल्यांचा दृष्टांत येतो. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसालाही हा खेळ ठाऊक होता. एवढा काळ तो टिकला तो केवळ धर्मकथांमुळे नाही, राजांमुळे नाही आणि पुरस्कारांमुळे तर नाहीच. दर पिढीत कुणीतरी पटाशी हातात घेतली, जुन्या बाहुलीचा मोडका हात नव्यानं बसवला आणि बदललेल्या प्रेक्षकासमोर ती उभी केली, म्हणून तो टिकला.

कुंभकोणमच्या पटांगणातला खेळ संपतो, तेव्हा मुलं पडद्यामागे डोकावतात. तिथं घामानं भिजलेला एक माणूस डोक्यावरचं कडं काढून मान चोळत बसलेला दिसतो. नर्तकीची बाहुली शेजारी आडवी असते. मुलं तिला हात लावून बघतात. एखादं धीट मूल ते कडं उचलून आपल्या डोक्यावर ठेवू पाहतं. जड लागतं, तरी ते हसतं. तो माणूसही हसतो, ओरडत नाही. पुढचं कडं कुणाच्या डोक्यावर जाणार, हे असंच कधीतरी ठरत असतं. ते डोक्यावर घेणाऱ्याचं पोटही भरलं पाहिजे, एवढं मात्र आपल्या हातात आहे.